सोलापुरात राहून संगीत शिकायचंय? मग आधी साथीला बसा

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी दोन-तीन पालक पोराला नाहीतर पोरीला घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला: "गळा बरा आहे म्हणतात सगळे. गाण्यासाठी पुण्याला पाठवावं का?" मी स्वतः वाणिज्य शाखेचा. बी.कॉम.च्या तीन वर्षांत ताळेबंदापेक्षा पेटीच जास्त उघडली, आणि आता विद्यापीठाचा युवा महोत्सव, म्हणजे महाविद्यालयांची कलास्पर्धा, जवळ आला की दोन-तीन महाविद्यालयांच्या पोरांच्या तालमी घेतो. माझं उत्तर असं: पुण्यात ऐकायला जास्त मिळेल, यात वाद नाही. पण इथं स्टेजवर बसायला जास्त मिळेल.

कारण साधं आहे. आपलं विद्यापीठ एका जिल्ह्यापुरतं. २००४ पर्यंत सोलापूरची महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती; मग स्वतंत्र सोलापूर विद्यापीठ झालं, आणि २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. जिल्हा एकच, त्यामुळे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांची संख्याही बेताची. मोठ्या शहरात एका समूहगानासाठी चाळीस जण रांगेत असतात. इथं सहा गाणारे जमवताना सांस्कृतिक विभागाच्या सरांना घाम फुटतो. आणि ढोलकी वाजवणारा सापडला तर त्याची अवस्था लग्नसराईतल्या आचाऱ्यासारखी होते. विद्यापीठ लहान असल्याचा हा फायदा कसा घ्यायचा, ते क्रमानं सांगतो.

जूनमध्ये: कोणत्या दारानं शिरायचं

दारं तीन आहेत. पहिलं, संगीत हाच मुख्य विषय घेऊन पदवी. दुसरं, कला शाखेत इतर विषयांबरोबर संगीत. तिसरं, शाखा कोणतीही, गाणं बाहेर गुरूकडे आणि महाविद्यालयात सांस्कृतिक विभागातून. तिसऱ्या दारानं येणारे सर्वात जास्त, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पहिल्या दोन दारांसाठी प्रवेश अर्ज भरण्याआधी महाविद्यालयात प्रत्यक्ष जा. माहितीपत्रकात विषय छापलेला असतो, पण वर्ग भरतो का ते तिथं गेल्यावरच कळतं. कार्यालयात विचारू नका, संगीताच्या खोलीत जा. तंबोऱ्याच्या तारा चढवलेल्या आहेत की गवसणीवर धूळ आहे, तबल्याची पुडी (वरचं कातडं) शाबूत आहे का, दुसऱ्या वर्षाची किती पोरं तिथं बसलेली दिसतात, एवढं पाहिलंत तरी निम्मी चौकशी झाली. मग प्राध्यापकांना दोन गोष्टी विचारा: संगतीला तबलजी रोज असतो की परीक्षेपुरता बोलावतात? आणि प्रात्यक्षिकाचे तास वेळापत्रकात किती? श्रेयांकाच्या (क्रेडिटच्या) हिशेबात एका सत्रात थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. हे तास खरंच होत असतील तर ते महाविद्यालय धरा.

तिसऱ्या दारानं येणाऱ्यांनीही नव्या शैक्षणिक धोरणाचा तक्ता नीट वाचावा. सहशालेय अभ्यासक्रमाच्या रकान्यात एनएसएस, एनसीसी, योगासोबत सादरीकरणाच्या कलाही येतात. म्हणजे तालमीला घातलेल्या वेळाचे श्रेयांक मिळू शकतात. आपल्या महाविद्यालयानं त्यातलं काय सुरू केलंय ते पहिल्याच आठवड्यात विचारा. नंतर बदलाबदली होत नाही.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा या सगळ्याला समांतर चालू ठेवाव्यात. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला सुरू केलेल्या विद्यालयाची ही परंपरा, आणि मंडळ १९३१ सालचं. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण असा जिना आहे. विशारद पूर्ण म्हणजे सातवी पायरी. शाळेत असताना मध्यमेपर्यंत आलेला मुलगा पदवीच्या तीन वर्षांत विशारद होऊ शकतो. पण विशारद म्हणजे पदवी असं गृहीत धरून पुढचे बेत आखू नका. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर त्या विषयातली एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. एम.ए.ला प्रवेशाची अट काय, ते ज्या त्या विद्यापीठाच्या परिपत्रकात बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

पहिल्या महिन्यात: आपण गायक आहोत हे कुणाला सांगू नका

हे माझं मत आहे, न पटणारे भेटतील. नवीन पोरं सांस्कृतिक विभागात जातात आणि म्हणतात, "सर, मी गातो." सर मान हलवतात, कारण ते वाक्य त्यांनी सकाळपासून अकरा वेळा ऐकलेलं असतं. त्याऐवजी म्हणा, "सर, मी पेटी धरतो, टाळ धरतो, तंबोरा धरतो. कधी येऊ?" दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तालमीत.

साथीला बसणारा सगळ्या खोल्यांत फिरतो. सुगम गायनाला पेटी तुमची, समूहगानाला तुमची, मूकनाट्याच्या पार्श्वसंगीतालाही तुमचीच. शास्त्रीय गाणाऱ्या सीनियरमागे तंबोरा घेऊन बसलात की त्याचा राग तुमच्या कानात फुकटात उतरतो. आणि महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात कुणाचातरी घसा बसतोच. तेव्हा ते गाणं कुणाला पाठ असतं? ज्यानं महिनाभर पेटीवर वाजवलंय त्याला.

पेटीची साथ अजिबात येत नसेल तर शिकायला भजनी मंडळासारखी जागा नाही. सोलापुरात गल्लोगल्ली मंडळं आहेत, आणि पंढरपूर तर आपल्याच जिल्ह्यात. मी अशाच एका मंडळात शिरलो तेव्हा पहिल्या रात्री हौसेनं प्रत्येक ओळीवर पेटीतून हरकती (सुरांची नक्षी) काढत होतो. तिसऱ्या अभंगाला पखवाज धरलेल्या बुवांनी वादन न थांबवता माझ्याकडे वाकून सांगितलं, "माऊली, तो गातोय तवर तुम्ही गप बसा. तो दम घेईल तवा वाजवा." साथीवर ऐकलेल्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा हे एक वाक्य मला जास्त उपयोगी पडलं. गायक श्वास घेतो तेवढीच तुमची जागा. सुरुवातीच्या रूपाच्या अभंगापासून शेवटच्या भैरवीपर्यंत चार तास बसलात की लय, मात्रा, पट्टी (गाणारा आपला सा धरतो तो पेटीवरचा स्वर) बदलणं, सगळं अंगवळणी पडतं, वर चहा मिळतो.

पट्टी: सर्वात जास्त फजिती इथंच होते

हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण दरवर्षी कुणीतरी यात सापडतंच.

आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना एका महोत्सवात आमची मैत्रीण यमन गाणार होती. तिची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी. तबला महाविद्यालयाचा, काळी एकचा, आणि तो एकच. तालमीत इलेक्ट्रॉनिक तबल्यावर भागवलं होतं, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. विंगेत तबलजीनं थाप मारली आणि सगळ्यांची तोंडं पडली.

आता गंमत बघा. तबला गाणाऱ्याच्या सा, मध्यम किंवा पंचमाशी जुळावा लागतो. काळी चारला सा धरला तर काळी एक हा तिचा शुद्ध मध्यम येतो. ती बागेश्री किंवा मालकंस गाणार असती तर तबला तसाच मध्यमात ठेवून निभावलं असतं, उलट छान लागलं असतं. पण यमनमध्ये मध्यम तीव्र. शुद्ध मध्यमाचा तबला पहिल्या समेपासून कानात खुपणार. मग पंचमात लावायचा तर काळी दोनपर्यंत, म्हणजे एक अख्खा स्वर वर चढवायला हवा. तबलजीनं गट्ठे (पुडी ताणणारे लाकडी ठोकळे) ठोकायला सुरुवात केली. अर्धा स्वर चढला. अजून दोन ठोके गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) मारले आणि शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेनं पुडी फाटली. आवाज फार मोठा होत नाही, कागद फाटल्यासारखा होतो, पण तो विसरता येत नाही. ती पोरगी पंधरा मिनिटं डग्ग्याच्या आणि मांडीवरच्या टाळीच्या जोरावर गायली. नंबर अर्थातच आला नाही.

म्हणून: पहिल्या आठवड्यात स्वतःची पट्टी पक्की करा. खर्जातला (खालच्या सप्तकातला) पंचम दाबून न आणता लागला पाहिजे आणि तार सप्तकातला मध्यम-पंचम ओरडल्याशिवाय. मुलांची पट्टी साधारण पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास निघते, मुलींची काळी चार-पाचच्या. मग महाविद्यालयातल्या प्रत्येक तबल्याचा स्वर पेटीवर तपासून त्याच्या गवसणीवर चिठ्ठी लावा. तबल्याचं तोंड जितकं लहान तितका स्वर वर जातो, आणि एक तबला सुखानं अर्धा स्वर इकडेतिकडे सरकतो, त्यापेक्षा जास्त ओढू नये. दुसरा तबला नसेल तर राग बदला. हे ऑगस्टमध्ये करायचं काम आहे, विंगेत नव्हे.

स्पर्धेचे आकडे

विद्यापीठाचा युवा महोत्सव पावसाळा सरता सरता होतो, तिथून निवडलेली पोरं राज्यपातळीच्या 'इंद्रधनुष्य' महोत्सवाला आणि भारतीय विश्वविद्यालय संघाच्या विभागीय महोत्सवाला जातात. आंतरविद्यापीठ पातळीवर शास्त्रीय गायन-वादनाला १५ मिनिटं, सुगम गायनाला ४ ते ६ मिनिटं, समूहगानाला सहा गाणारे, तीन साथीदार आणि १० मिनिटं, लोकवाद्यवृंदाला बारा वादकांपर्यंत चमू आणि १० मिनिटं असा साचा असतो. वयाची अट २५ च्या आत, १ जुलैला मोजलेली. सुगम आणि समूहगानात चित्रपटगीत चालत नाही. चालू वर्षाचं परिपत्रक विद्यार्थी विकास विभागाकडून मिळतं. त्याची एक प्रत तालमीच्या भिंतीवर चिकटवा, कारण नियम सगळ्यांना "माहीत" असतात आणि वाचलेले कुणीच नसतात.

पंधरा मिनिटांचं शास्त्रीय गायन म्हणजे मोठा ख्याल (संथ लयीतली विस्तारानं गायची बंदिश) आखूड करून गाणं नव्हे. घड्याळ मांडून बसा. विलंबित (संथ) एकतालात एक मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. म्हणजे आठ मिनिटांत तुमच्या वाट्याला आवर्तनं दहा. त्यात स्थायी-अंतरा मांडायला तीन गेली. उरलेल्या सातांत सगळी बढत, म्हणजे रागाचा विस्तार! मग मंद्रात किती रेंगाळायचं, तार षड्ज कितव्या आवर्तनाला लावायचा, ते कागदावर लिहा. आलाप एक मिनिट, विलंबित आठ, द्रुत (जलद बंदिश) साडेचार, आणि चौदाव्या मिनिटाच्या आत तिहाई (तीनदा घ्यायचा शेवटचा तुकडा) घेऊन उठायचं. घंटा झाल्यावर घेतलेली तान कितीही चांगली असली तरी परीक्षकाला ती घंटेसकट ऐकू येते.

समूहगान आणि लोकवाद्यवृंद: इथं सोलापूर कामाला येतं

समूहगानाला साधारण एक देशभक्तिपर आणि एक लोकगीत लागतं. सगळे संघ त्याच चार-पाच घासून गुळगुळीत झालेल्या चाली घेऊन येतात. आपल्याकडे माल काय कमी आहे? १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे सोलापूरचेच. मराठी विभागातल्या एखाद्या लिहित्या पोराकडून त्यांच्यावर गीत लिहून घ्या. शाहीर अमर शेख बार्शीचे, राम जोशी तर सोलापूर शहरातलेच, तेव्हा पोवाड्याच्या बाजाला बाहेर शोधायला जायची गरज नाही. आणि वर्गात कन्नड-तेलुगू घरची पोरं असतातच. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं (छोट्या भक्तिपर रचना) बाराव्या शतकातली. एखाद्या वचनाला स्वतः चाल बांधून, उच्चार कन्नड घरच्या पोरीकडून घोटून घेऊन गायलं तर परीक्षक मान वर करून बघतात.

सहा जणांची बसवणूक करताना एक चूक सगळे करतात: सगळ्यांत मोठा आवाज माइकजवळ. उलट करा. पक्का सूर मध्ये, मोठा आवाज कडेला, आणि नवखा पक्क्या सुराच्या डाव्या-उजव्या कानाशी. पहिले पंधरा दिवस पेटीशिवाय, नुसत्या तंबोऱ्यावर गाऊन घ्या. पेटी चुका झाकते.

लोकवाद्यवृंदासाठी तर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आणि मिरवणुकांत कान उघडे ठेवून हिंडा. हलगी, संबळ, तुणतुणं, दिमडी, चौंडकं, लेझीम, सगळं पायाखाली आहे. सुंदरी हे तर इथलंच भूषण: सनईची धाकटी बहीण म्हणा. पंडित सिद्राम जाधव आणि त्यांच्या घराण्यानं हे वाद्य मैफलीत नेऊन बसवलं. सुंदरी शिकायची संधी मिळाली तर सोडू नका.

हलगीबद्दल एक सूचना. कातडी हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकावी लागते, तरच ती कडाडते. नाट्यगृहाच्या मागं जाळ करू देत नाहीत. म्हणून फायबरच्या पानाची हलगी जवळ ठेवा किंवा बाहेर आवारात, नंबर लागायच्या दहा मिनिटं आधी शेकायची सोय आणि परवानगी आधीच घेऊन ठेवा.

ऊन, वाद्यं आणि रियाजाची जागा

सोलापूरचा उन्हाळा वाद्यांचा वैरी. कोरड्या उन्हात पुडी ताणून स्वर चढतो, पावसाळी दमटपणात उतरतो. एप्रिलमध्ये तबला वाजवून झाला की गट्ठे थोडे उतरवून ठेवा. पेटी कूलरच्या झोतात ठेवू नका, ओलाव्यानं स्वरपट्ट्या गंजतात. तंबोरा पत्र्याच्या खोलीत असेल तर त्याला मार्चमध्येच हलवा, भोपळ्याला तडा गेला की मिरजेची वारी ठरलेली. तशी मिरजेला एकदा जावंच. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि त्या तंबोऱ्याचा भोपळा बहुतेकदा आपल्याच पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या भीमाकाठच्या रानातला असतो, हे तिथल्या कारागिराकडून ऐकताना बरं वाटतं. नवीन तंबोरा घेण्याची घाई मात्र नको. पहिली दोन वर्षं मोबाइलवरचा तंबोरा आणि बरा स्पीकर पुरतो. पेटी जुनी, पण भाता न गळणारी घ्या.

रियाजाला जागा मिळणं अवघड असतं, वसतिगृहात तर फारच. पहाटे खर्ज लावला की शेजारची खोली दार वाजवते. माझा एक मित्र पूर्व भागात राहायचा, घराला लागून यंत्रमाग. तो म्हणायचा, मला लेहऱ्याची (तबल्याला लय धरून देणाऱ्या धुनेची) गरजच नाही, शेजारचा माग दिवसभर एकाच लयीत चालतो. त्यावर तो तबल्याचे कायदे (बोलांच्या रचना) वाजवायचा, आणि खरंच त्याची लय कधी हलली नाही. तुमच्याकडे माग नसेल तर महाविद्यालयाच्या शिपाईमामांशी ओळख करा. सकाळी सात ते नऊ संगीताच्या खोलीची किल्ली हा कोणत्याही शिष्यवृत्तीपेक्षा मोलाचा ऐवज आहे, आणि तो अर्ज करून मिळत नाही.

हजेरीचं मात्र कागदावर करा. तालमीचे दिवस, विभागप्रमुखांची सही, अंतर्गत परीक्षेची तारीख आडवी आली तर आधीच दिलेलं पत्र. तोंडी "हो हो, बघू" म्हणालेले सर मार्चमध्ये ओळख देत नाहीत.

महोत्सवाच्या दिवशी

ओळखपत्र, दहावीच्या प्रमाणपत्राची प्रत, गीताच्या शब्दांच्या चार प्रती परीक्षकांसाठी, पेटीखाली घ्यायला चादर (सोलापुरात राहून चादर मागत फिरू नका), तबल्याच्या चिठ्ठ्या लावलेल्या गवसण्या, पावडर, कोमट पाणी. आदल्या दिवशी स्टेजवर जाऊन टाळी वाजवून बघा, आवाज किती घुमतो ते कळेल. फार घुमत असेल तर द्रुत लय एक घर खाली आणा. ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या दादांना आधी जाऊन नमस्कार करा आणि माइक किती, कुणापुढे, हे कागदावर लिहून द्या.

तबल्याची हातोडी दोन घ्या. एक कुणीतरी "आत्ता आणून देतो" म्हणून नेतंच.